घरचं नेट बंद पडलं तर आधी काय बघायचं आणि केबलवाल्याशी काय बोलायचं

पुण्यात नवीन आलात, कर्वेनगरला नाहीतर नऱ्हे-आंबेगावकडे फ्लॅट भाड्याने घेतला, घरमालक काका म्हणाले की आपल्या बिल्डिंगमधे या दादांचंच नेट चालतं, तुम्ही तीन महिन्यांचे पैसे भरले आणि पंधराव्या दिवशी नेट गेलं. फोन केला तर "बंद करून चालू करा", केलं, परत फोन केला तर "संध्याकाळपर्यंत माणूस पाठवतो", आणि संध्याकाळ होऊन गेली तरी कोणी फिरकलं नाही. हे इथं इतक्या जणांच्या बाबतीत होताना बघितलंय की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं वाटलं. मी धनकवडीत राहते, आमच्या बिल्डिंगमधे नेट गेलं की निम्मे लोक आधी माझं दार वाजवतात, त्यातून जे शिकले ते सगळं इथं सांगते.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. घरात पाणी आलं नाही तर आपण काय करतो, आधी दुसरा नळ उघडून बघतो, मग टाकीत पाणी आहे का बघतो, मग शेजारी विचारतो की तुमच्याकडे आलं का. नेटचंही तसंच बघायचं असतं, पाणी कुठपर्यंत पोचलंय ते शोधायचं. नुसतं "नेट चालत नाहीये" अशी तक्रार केली तर समोरच्याला काहीच कळत नाही, आणि तुम्ही "लॉसचा लाल दिवा लागलाय, शेजाऱ्यांचं चालू आहे" असं सांगितलंत तर त्याला लगेच कळतं की तुमची वायर कुठंतरी गेलीय आणि लाईनमधला उजेड मोजायचं पॉवर मीटर आणि जॉइंट मारायचं मशीन घेऊन माणूस पाठवायला लागणार. फरक इथंच पडतो.

घरात नेमकं कुठलं कनेक्शन आहे

भिंतीतून येणारी वायर बघा. बारीक, सपाटसर काळी नाहीतर पांढरी वायर असेल आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल तर ते फायबर. ती ज्या डब्यात जाते त्याला ओएनयू किंवा ओएनटी म्हणतात, लोक सरसकट मोडेम नाहीतर राउटरच म्हणतात, चालतं. थेट लॅनची वायर येत असेल, म्हणजे जुन्या लँडलाइन फोनच्या पिनसारखी पण मोठी पारदर्शक पिन, तर फायबर बिल्डिंगपर्यंत आलेली असते आणि पुढे गच्चीवरच्या किंवा डक्टमधल्या स्विचवरून, म्हणजे घराघरांत नेट वाटणाऱ्या डब्यावरून, तुमच्याकडे लॅन ओढलेली असते. जुन्या पेठांमधल्या वाड्यांमधे आणि छोट्या बिल्डिंगमधे हे अजून दिसतं. तिसरा प्रकार टीव्हीच्या गोल जाड केबलवरचा, त्यात मोडेमला ती केबल स्क्रूसारखी फिरवून लावलेली असते. ती असेल तर फिरवायचा कनेक्टर सैल झालाय का आणि टीव्हीसाठी मधे स्प्लिटर, म्हणजे एका लाईनच्या दोन-तीन करणारा जोड, लावलाय का एवढं आधी बघा, अर्ध्या वेळा तिथंच घोळ असतो.

हे ओळखणं का महत्त्वाचं ते सांगते. फायबरच्या लाईनवर केबलवाल्याच्या ऑफिसपासून तुमच्या घरापर्यंत मधे सहसा वीज लागत नाही, काचेतून उजेड येतो आणि मधले स्प्लिटरही बिनविजेचे असतात. लॅनवाल्या कनेक्शनला मात्र मधल्या प्रत्येक स्विचला लाईट लागते. पुण्यात महावितरणची दुरुस्तीची कामं बऱ्याचदा गुरुवारी निघतात, तेव्हा तुमच्या घरात इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, तरी नेट नाही असं होतं, कारण दोन गल्ल्या पलीकडच्या बिल्डिंगमधला स्विच बंद पडलेला असतो. अशा वेळी तुमच्या राउटरशी कितीही झटापट केली तरी काही होणार नाही, लाईट आली की नेट येईल.

दिवे बघायला शिका

डब्यावर बारीक अक्षरात नावं असतात, मोबाईलने फोटो काढून झूम करून वाचा. पॉवर म्हणजे वीज. पॉन (PON) हिरवा स्थिर असेल तर फायबरची लाईन ठीक आहे. पॉन लुकलुकत असेल तर डबा पलीकडच्या मशीनशी ओळख पटवायचा प्रयत्न करतोय पण जमत नाहीये. लॉस (LOS) हा दिवा लाल लुकलुकला म्हणजे उजेड येतच नाहीये किंवा फार कमी येतोय, म्हणजे वायर कुठंतरी तुटली, दबली, वाकली किंवा कनेक्टर सुटला.

लॉस लाल दिसला की पहिल्यांदा घरातली वायर दारापासून डब्यापर्यंत बोटाने चाचपत बघा. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात हेच झालं होतं, वायर स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतून आत घेतलेली, एरवी खिडकी थोडी उघडी असायची, जोराचा पाऊस आला तशी आम्ही ती घट्ट लावली आणि पाचव्या मिनिटाला नेट गेलं. दोन दिवस आम्ही केबलवाल्याला दोष देत बसलो. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेले की मी आधी खिडकी बघते. फायबरच्या आत काच असते, तिला काटकोनात वाकवायचं नाही, खिळ्याला गुंडाळायची नाही, सोफ्याच्या पायाखाली येऊ द्यायची नाही, जास्तीची वायर असेल तर ताटलीएवढा मोठा गोल करून टांगायची.

कनेक्टर काढून परत बसवायचा असेल तर डबा बंद करून हळूच करा, टक् आवाज येईपर्यंत आत ढकला. त्याच्या टोकाला बोट लावू नका आणि टोकात डोळा घालून बघू तर अजिबात नका, त्यातला उजेड डोळ्याला दिसत नाही पण असतो.

घरातली वायर ठीक आहे आणि तरी लाल आहे, तर खराबी बाहेर आहे. पावसात झाडाची फांदी पडते, रस्ता खोदतात, विनापरवाना लोंबणाऱ्या वायरींवर महापालिकेची कारवाई होते, गणपतीत मांडव घालताना वायर ओढली जाते, खार नाहीतर उंदीर कुरतडतो. यात तुम्ही काही करायचं नाही. लोंबणारी वायर दिसली तरी हात लावायचा नाही, कारण फायबरची काच करंट नेत नसली तरी त्या वायरीत ताणासाठी लोखंडी तार असते आणि ती वर कुठं लाईटच्या तारेला चिकटलेली आहे ते खालून कळत नाही. गच्चीवर चढून जॉइंट बॉक्सही उघडू नका.

पॉन हिरवा स्थिर आहे, वायफायही दिसतंय, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद आहे, असं असेल तर लाईन चांगली आहे पण लॉगिन होत नाहीये. आधी प्लॅन संपलाय का बघा, हे इतक्या वेळा निघतं की विचारू नका. नसेल संपला तर मग त्यांच्या सर्व्हरकडे घोळ आहे, आणि तो फोनवर पाच मिनिटांत सुटू शकतो, माणूस यायची गरज नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, मागच्या बाजूला पिनेने दाबायचं रीसेटचं भोक असतं ते दाबू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. दहा सेकंद पिन दाबून धरली की आतलं युजरनेम, पासवर्ड, सेटिंग सगळं पुसलं जातं आणि मग खरंच माणूस आल्याशिवाय नेट येत नाही. कनेक्शन बसवतानाच त्यांच्याकडून युजरनेम-पासवर्ड मागून वहीत लिहून ठेवा आणि राउटरच्या सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

बंद-चालू करायचं तेही नीट करा. बटण टकटक न करता अडॅप्टरच काढा, एक मिनिट थांबा, परत लावा, आणि दिवे स्थिर व्हायला तीन-चार मिनिटं द्या. अडॅप्टरवरून आठवलं, डबा आपोआप बंद होऊन परत चालू होत असेल तर बऱ्याचदा अडॅप्टर मेलेला असतो. बहुतेक डब्यांना १२ व्होल्टचा लागतो, पण डब्याच्या मागे लिहिलेलं वाचूनच दुसरा लावा, व्होल्ट तेवढेच पाहिजेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर पिन बसतेय म्हणून लावू नका. लाईट सारखी जात असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, घरून काम करत असाल तर घ्याच.

दिवे सगळे ठीक आहेत, पण चालत नाहीये

मोबाईलचा डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं वायफाय चालतंय. मग लॅपटॉप राउटरला लॅनच्या वायरीने जोडा. शंभर-दीडशे रुपयांची वायर आहे, घरात असलीच पाहिजे, तिच्याशिवाय पुढचं काही खात्रीने सांगता येत नाही.

विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पिंग (इंग्रजीत ping, समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघायची कमांड) लिहून पुढे राउटरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत द्या, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डब्याच्या खाली लिहिलेला सापडेल. लॅनवर उत्तर एक-दोन मिलीसेकंदात यायला पाहिजे. मग पिंग ८.८.८.८ करा, हा गूगलचा सर्व्हर. आता बघा:

राउटरलाच पिंग जात नाही, तर घरातली गडबड, वायर किंवा राउटर.

राउटरला जातं पण ८.८.८.८ ला जात नाही, तर बाहेरची गडबड, फोन करा.

दोन्हीकडे जातं पण वेबसाईट उघडत नाही, तर डीएनएसचा, म्हणजे वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा घोळ. राउटरमधे किंवा लॅपटॉपमधे डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका, बहुतेक वेळा लगेच चालू होतं.

लॅनवर सगळं झकास आणि वायफायवरच त्रास, तर केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही, त्याची लाईन चांगली आहे. सदाशिव पेठेत माझ्या आत्याच्या घरी राउटर लाकडी कपाटात, पितळी डब्यांच्या मागे ठेवलेला, का तर वरून धूळ बसते, आणि तक्रार अशी की आतल्या खोलीत नेट येत नाही. कपाटाबाहेर काढून शोकेसच्या वर ठेवला, झालं. जुन्या वाड्यांच्या भिंती जाड, नव्या फ्लॅटमधे काँक्रीट, दोन्ही वायफायला जड जातात. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जातं पण वेग कमी आणि गर्दी जास्त, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण एक-दोन भिंतींत दमतं. राउटरच्या खोलीत बसत असाल तर ५ वाल्या नावाला जोडा. २.४ साठी चॅनल १, ६ नाहीतर ११ यातलंच एक ठेवा, बाकीचे एकमेकांवर चढतात, आणि वाकड-हिंजवडीच्या टॉवरमधे जिथे फोन उघडला की तीस-चाळीस वायफायची नावं दिसतात तिथं याचा खरंच फरक पडतो.

स्वतःचा राउटर विकत आणून लावला असेल तर ओएनयूची वायर त्याच्या वॅन (WAN) लिहिलेल्या पोर्टमधे घाला, वेगळ्या रंगाचं असतं बहुतेक. चुकून लॅनमधे घातली की कधी चालतं कधी नाही असा भलताच खेळ सुरू होतो, आणि कारण सापडता सापडत नाही.

नेट स्लो आहे, हे कसं सिद्ध करायचं

प्लॅन १०० एमबीपीएसचा असतो तो बिटमधे. फाईल डाऊनलोड होताना जो आकडा दिसतो तो बाईटमधे, आठ बिटचा एक बाईट, म्हणजे १०० च्या प्लॅनवर फाईल सेकंदाला साधारण १२ एमबीने आली की तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय. हे माहीत नसल्यामुळे उगाच भांडणं झालेली बघितलीत.

प्लॅन २०० चा आहे आणि लॅनवर टेस्ट केली तर काही केल्या ९०-९५ च्या वर जात नाही, तर बहुतेक वेळा वायरीचा प्रश्न. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, त्यातल्या चारच जोडल्या असतील किंवा पिन नीट दाबली नसेल तर वेग १०० वर अडकतो. काही डब्यांची पोर्टच १०० ची असतात, मग २०० चा प्लॅन विकताना तो डबा दिला कसा हे तुम्ही विचारायलाच पाहिजे.

"अनलिमिटेड" लिहिलेलं असलं तरी एफयूपी असते, अमुक जीबीनंतर वेग उतरतो. बऱ्याच प्लॅनमधे ती ३३०० जीबी असते पण लहान केबलवाल्यांची बरीच कमी असू शकते, आधी विचारा. आणि ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या २०२३ पासून किमान २ एमबीपीएस आहे, त्याआधी ५१२ केबीपीएस होती, त्यामुळे एफयूपीनंतर वेग त्याच्याही खाली आणत असतील तर तेही बोलून दाखवा.

रोज ठराविक वेळेलाच स्लो होत असेल तर टेस्ट त्या वेळेला करा आणि सकाळी सहालाही करा, दोन्हीचे स्क्रीनशॉट ठेवा. आमच्याकडे रोज रात्री नऊ ते अकरा व्हिडिओ अडकायचे, दर वेळी उत्तर एकच, "मॅडम तुमचं वायफाय वीक आहे". मी पाच दिवस लॅनवर, मोबाईल-टीव्ही सगळं बंद ठेवून, सकाळ-रात्र टेस्ट घेतली, कागदावर तारीख-वेळ-आकडा लिहिला आणि त्या कागदाचा फोटो पाठवला, सकाळी ९४ आणि रात्री ७-८. सहाव्या दिवशी त्यांच्या इंजिनिअरचा स्वतःहून फोन आला की तुमच्या भागात लोड जास्त झालाय, दुसऱ्या पोर्टवर टाकतो. त्या रात्रीपासून नीट आहे.

फोन आणि व्हॉट्सॲप

फोनवर बोला जरूर, पण लगेच लिहूनही पाठवा. मी असं पाठवते, हवं तर हेच वापरा:

"नमस्कार दादा, कस्टमर आयडी अमुक, धनकवडी, बिल्डिंग-फ्लॅट अमुक. आज सकाळी ९.१० पासून नेट बंद. लॉसचा दिवा लाल लुकलुकतोय, फोटो पाठवला आहे. अडॅप्टर काढून-लावून बघितलं, घरातली वायर तपासली. खालच्या मजल्यावर तुमचंच नेट चालू आहे. तक्रार नंबर आणि माणूस किती वाजता येईल ते कळवा. मी ४ नंतर घरी आहे."

शेजाऱ्याचं चालू की बंद हे जरूर टाका, त्यावरून त्यांना कळतं की एका घराची वायर आहे की पूर्ण भागाची. आवाज चढवू नका. तो लाईनमन पोरगा दिवसभर उन्हापावसात शिडी घेऊन फिरत असतो, आलेल्या माणसाला पाणी विचारा, त्याचा काही दोष नसतो. पण तक्रार नंबर सोडू नका. "नंबर कशाला, मी आहे ना" असं कोणी म्हणालं तरी शांतपणे सांगा की दादा असू दे, मला लागतो. तो नंबर नसेल तर पुढे तुमची तक्रार झालीच नव्हती असं होतं.

माणूस येऊन दुरुस्त करून निघाला की त्याला थांबवा आणि पॉवर मीटरवर रीडिंग किती आलं ते विचारा. आकडा उणे असतो, डीबीएम म्हणतात. उणे १५ ते उणे २५ च्या मधे असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडे असेल तर आज चालू झालं तरी पहिल्या पावसात परत जाणार, त्याला तिथंच सांगा की जॉइंट परत मारून द्या. ते रीडिंग लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करता येते.

चार दिवस बंद होतं तर चार दिवस प्लॅन वाढवून मागा. लाजू नका, पैसे भरलेत. मागितलं की बहुतेक जण देतात, न मागता क्वचितच.

तरी ऐकत नाहीत

तुमच्या गल्लीतले दादा बऱ्याचदा फ्रँचायझी असतात, लायसन्स कंपनीचं असतं. बिलावर जिचं नाव आहे ती तुमची कंपनी. म्हणून पक्कं बिल मागायचं, इंटरनेटवर जीएसटी १८ टक्के आहे, ५०० चा प्लॅन ५९० ला पडतो, ते ९० घेतले असतील तर बिल मिळायलाच पाहिजे. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार करा, डॉकेट नंबर, म्हणजे त्यांचा तक्रार नंबर, घ्या. त्यातून काही झालं नाही तर मोठ्या कंपन्यांमधे अपीलेट अथॉरिटी, म्हणजे वरची तक्रार ऐकणारा विभाग असतो, ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०१२ च्या नियमांनी ती ठेवायला लागते. तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत तिथं अपील करायचं, फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. हे पत्ते कंपनीच्या वेबसाईटवर अगदी तळाला बारीक अक्षरात सापडतात.

पुष्कळ लोक थेट ट्रायला लिहितात. ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी स्वतः सोडवत नाही, त्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला फोन करा, किंवा केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे टाका. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पुण्यातही आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथं चालतात हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मधे स्पष्ट केलंय, आणि तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, पण तुमच्याकडे तारखा, नंबर, स्क्रीनशॉट सगळं आहे असं दिसलं की बोलण्याचा सूरच बदलतो, हे मी दोनदा अनुभवलंय.

कनेक्शन घेताना आणि सोडताना

घेण्याआधी वॉचमन काकांना आणि वरच्या-खालच्या घरात विचारा की पावसात किती वेळा जातं. जाहिरातीपेक्षा हे उत्तर खरं असतं. पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरा, सहा महिन्यांची सवलत कितीही दाखवली तरी, चांगलं चाललं तर पुढच्या वेळी भरा. राउटर कोणाचा, डिपॉझिट किती आणि परत मिळणार का, फ्लॅट बदलला तर शिफ्टिंगचे किती, हे व्हॉट्सॲपवर विचारा म्हणजे उत्तर लिहिलेलं राहतं. बाहेरून घरचा सीसीटीव्ही बघायचा असेल तर स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्या घराचा न बदलणारा इंटरनेटवरचा पत्ता, देतात का तेही विचारून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो आणि मग साध्या पद्धतीने बाहेरून घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचता येत नाही.

सोडताना डबा आणि अडॅप्टर दोन्ही परत द्या, देताना मागचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा, आणि "डबा मिळाला, कनेक्शन बंद केलं, डिपॉझिट इतकं परत" एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. नाहीतर तुम्ही पुणं सोडून गेलात तरी सहा महिन्यांनी राउटरचे पैसे भरा म्हणून फोन येत राहतात.